मानसशास्त्राचे संशोधन प्रश्नावली वाटण्याआधी सुरू होते

आपल्या विद्यापीठांत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची ग्रंथालयाशी खरी गाठ कधी पडते? बहुतेकदा प्रबंध टाइप होऊन बाइंडिंगला जायच्या बेतात असतो तेव्हा, कारण मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे पाहणाऱ्या साम्य तपासणीचा अहवाल ग्रंथालयातून घ्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही, त्यापुढे चढत्या शिक्षा आहेत. विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन येतो, टक्का बघतो, काही वाक्ये फिरवतो, पुन्हा येतो आणि शिक्का घेऊन जातो. तोवर नमुना ठरलेला असतो, चाचणी निवडून झालेली असते, ३०० मुलांकडून प्रश्नावल्या भरून आलेल्या असतात. काही चुकले असेल तर ते आता सुधारता येण्यासारखे नसते.

हा क्रम उलटा करायला हवा, असे आमचे ठाम मत आहे. एमएचा प्रकल्प असो की पीएचडी, ग्रंथालयात केलेल्या शोधाची लेखी नोंद जोडल्याशिवाय मानसशास्त्राच्या कोणत्याही आराखड्याला मंजुरी मिळू नये. त्या नोंदीवर मार्गदर्शकाबरोबर ग्रंथपालाचीही सही असावी. ही मागणी कोणाला कागदी घोड्यांत आणखी एकाची भर वाटेल. पण मानसशास्त्राला या शोधाची गरज इतर अनेक विषयांपेक्षा जास्त का आहे, ते पाहिले की तसे वाटणार नाही.

रसायनशास्त्रात सोडियम म्हणजे सोडियम. मानसशास्त्रात 'ताण', 'आत्मसन्मान', 'चिंता' हे शब्द म्हणजेच मोजमापाची साधने आहेत, आणि ती दोन प्रकारे दगा देतात. कधी एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात, तर कधी एकाच गोष्टीला दोन वेगळी नावे पडतात. शंभर वर्षांपूर्वीच अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या दोन घोटाळ्यांना 'जिंगल' आणि 'जँगल' अशी नावे दिली होती. मराठीत यात अनुवादाची भर पडते. 'डिप्रेशन'साठी आपल्याकडे नैराश्य, औदासीन्य, विषण्णता आणि अवसाद असे चार शब्द चालतात. 'सेल्फ-एस्टीम' कुठे आत्मसन्मान असते, कुठे स्वाभिमान, तर कुठे आत्मप्रतिष्ठा. मराठी प्रबंधांत फक्त 'नैराश्य' शोधणाऱ्याला बाकीच्या तीन शब्दांखालचे काम दिसतच नाही. मग तो आराखड्यात लिहितो, 'या विषयावर मराठीत संशोधन झालेले आढळत नाही.' हे वाक्य लिहिणारा खोटे बोलत नसतो, त्याने शोध अर्धाच केलेला असतो.

एक प्रश्न जवळून पाहू. विषय सध्या बराच चालणारा: कनिष्ठ महाविद्यालयीन मुलांचे मोबाइलचे व्यसन आणि झोप. विद्यार्थी गूगलवर 'मोबाइल ॲडिक्शन स्लीप' असे तीन शब्द टाकतो, पहिल्या दोन पानांवरचे दहा-बारा लेख उतरवतो आणि दुसऱ्या, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याच्या, प्रकरणाला लागतो. खरी पद्धत अशी. आधी प्रश्नाचे तीन तुकडे पाडायचे: कोण, काय आणि कशाशी संबंध. प्रत्येक तुकड्यासाठी कागदावर समानार्थी शब्दांचा एक रकाना. 'काय'च्या रकान्यात स्मार्टफोन ॲडिक्शन येईल, प्रॉब्लेमॅटिक स्मार्टफोन यूज येईल, नोमोफोबिया (मोबाइल जवळ नसण्याची भीती) आणि इंटरनेट ॲडिक्शनही. 'कोण'च्या रकान्यात ॲडोलसन्ट, टीनेजर, हायस्कूल स्टुडन्ट. झोपेच्या रकान्यात स्लीप क्वालिटी, इन्सोम्निया, स्लीप ड्युरेशन. एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडायचे आणि कंसात टाकायचे, मग तिन्ही कंस 'अँड'ने जोडायचे. दोन शब्द मिळून एक संज्ञा होत असेल तर ती अवतरणचिन्हांत, नाहीतर यंत्र दोन्ही शब्द वेगवेगळे शोधते. शब्दाच्या मुळापुढे तारांकन (*) दिले की त्याची सगळी रूपे एकदम सापडतात, पण मूळ फार आखूड तोडले तर कचराही तेवढाच येतो. 'नॉट' हा शब्द नवख्याने वापरूच नये. 'इंटरनेट' वगळायला जावे तर मोबाइल आणि इंटरनेट दोन्हींवर लिहिलेला नेमका उपयोगाचा लेखही त्यासोबत बाहेर जातो.

आता हे शब्द टाकायचे कुठे? मानसशास्त्रातल्या लेखांची सर्वांत पद्धतशीर सूची म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे 'सायकइन्फो'. १९२७ पासून छापील सारांशांच्या रूपात चालत आलेले काम आज संगणकावर आहे. त्याचे बळ त्याच्या शब्दकोशात आहे. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, सूचीकार लेख वाचून त्याला ठरावीक संज्ञा देतो, त्यामुळे नाव वेगळे असलेला लेखही सापडतो. ही सूची महाग आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत ती नाही. म्हणून हात टेकायचे कारण नाही. पबमेड ही वैद्यकीय लेखांची सूची फुकट आहे आणि त्यालाही स्वतःचा संज्ञाकोश आहे. नैराश्य, झोप, व्यसन, मेंदू, बालविकास या विषयांवर तिथे भरपूर मिळते. शैक्षणिक मानसशास्त्रासाठी 'एरिक' ही सूचीही मोफत आहे. गूगल स्कॉलर शेवटी वापरावे, एखादा लेख निसटला का ते पाहायला. तिथे कितीही निकालांचा आकडा दिसला तरी पहिल्या १,००० च्या पुढे जाता येत नाही, आणि निकालांचा क्रम कसा लागतो ते बाहेरच्याला तपासता येत नाही. आज केलेला शोध सहा महिन्यांनी दुसऱ्याला तसाच करून पाहता आला नाही, तर त्याला पद्धत म्हणता येत नाही.

पूर्ण लेख मिळण्याच्या बाबतीत आपली स्थिती गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहे. सरकारने वर्गणी भरून संस्थांना नियतकालिके खुली करण्याच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज, टेलर अँड फ्रान्सिस हे सगळे त्यात आहेत, म्हणजे मानसशास्त्राच्या महत्त्वाच्या नियतकालिकांचा मोठा हिस्सा. पण योजना नियतकालिकांची आहे आणि सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. विद्यापीठाच्या मुख्य आवारातल्या विद्यार्थ्याला जे एका क्लिकवर उघडते, ते त्याच विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला उघडत नाही. दोघांच्या प्रबंधांना कसोटी मात्र एकच. हा अन्याय दूर करणे विद्यापीठाच्या हातात आहे. संलग्न महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर मुख्य ग्रंथालयातल्या संगणकांवर बसू द्यावे, आणि शनिवार-रविवारी संदर्भ विभाग उघडा ठेवावा, कारण लांबून येणारा विद्यार्थी त्याच दिवशी येऊ शकतो. मुंबईत कालिन्याचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, पुण्याचे जयकर, कोल्हापूरचे बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, ही सगळी सार्वजनिक पैशांतून उभी राहिलेली आहेत. त्यांचे दार संलग्न महाविद्यालयांना सताड उघडे हवे.

शोधगंगेबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आपल्याकडे तिचा वापर खूप होतो आणि चुकीचा होतो. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या या भांडारात देशभरातले पीएचडी प्रबंध प्रकरणवार फायलींत ठेवलेले असतात. मानसशास्त्राच्या दृष्टीने हा खजिना आहे, आणि त्याचे एक खास कारण आहे. नियतकालिके 'फरक आढळला' असे निष्कर्ष आनंदाने छापतात, 'फरक आढळला नाही' हे निष्कर्ष कपाटात राहतात. प्रबंध मात्र निष्कर्ष काहीही असला तरी जमा होतो. त्यामुळे नियतकालिकांत दिसणारे चित्र खरे आहे का, हे ताडून पाहायला शोधगंगेइतकी चांगली जागा भारतात नाही. अडचणी दोन. प्रादेशिक भाषांतल्या प्रबंधांची शीर्षके पुष्कळदा रोमन लिपीत नोंदवलेली असतात आणि स्पेलिंग ज्याचे त्याचे. 'मानसशास्त्र' हाच शब्द तीन-चार तऱ्हांनी लिहून शोधावा लागतो, शिवाय देवनागरीत एकदा. दुसरे, कित्येक फायली पानांची नुसती चित्रे असतात, आतला मजकूर यंत्राला वाचता येत नाही, म्हणून शोध शीर्षकापाशीच थांबतो. यावर उपाय म्हणजे विषय आणि विद्यापीठ धरून यादी काढायची आणि अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची. कंटाळवाणे काम आहे, पण याला दुसरा रस्ता नाही.

चुकीचा वापर कोणता? परिशिष्टाची फाइल उघडून त्यातली मराठी प्रश्नावली उचलणे. ती प्रश्नावली मूळ लेखकाच्या परवानगीने भाषांतरित झाली होती का, उलट भाषांतर करून, म्हणजे पुन्हा मूळ भाषेत आणून, पडताळली होती का, तिची विश्वसनीयता कोणत्या गटावर काढली होती, हे त्या परिशिष्टात नसते. दुसऱ्याने घाईत केलेले भाषांतर तिसरा उचलतो, त्याचे पाहून चौथा. पाच वर्षांत ती 'प्रमाणित मराठी चाचणी' म्हणून उद्धृत होऊ लागते. मोफत आणि तपासलेली साधने असताना असे व्हायला नको. नैराश्याच्या प्राथमिक चाळणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी परवानगीशिवाय वापरता येते आणि तिची मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे.

चाचण्यांचा प्रश्न ग्रंथालयाच्या दारात आणून ठेवणे अगदी गरजेचे आहे. विभागाच्या कपाटात चाचण्यांची पुस्तिका असते, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, गुणांकनाची किल्ली असते. मॅन्युअल हरवलेले असते किंवा त्याची चौथ्या पिढीची झेरॉक्स असते, ज्यात नॉर्म्सचा, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रमाण गुणांचा, तक्ता अर्धा कापलेला. मॅन्युअल हातात आले की सर्वांत आधी नमुन्याचे पान उघडावे: किती लोक, कोणत्या वयाचे, कोणत्या भाषेचे, कोणत्या साली. बिने-कामत बुद्धिमापन चाचणी १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीवरून व्ही. व्ही. कामतांनी धारवाडकडे मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९३० च्या दशकात. आपल्या भाषेतल्या मुलांसाठी तेव्हा झालेले ते मोठे काम आहे आणि त्याचा आदर राखूनच हे बोलायचे आहे. पण त्यानंतर मुलांचे शिक्षण आणि भोवतालचे जग बदलून गेले. अनेक देशांत बुद्धिगुणांक दर दशकाला साधारण ३ गुणांनी वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवले. इतक्या जुन्या नॉर्म्सशी आजच्या मुलाची तुलना करून आकडा लिहिणाऱ्याने निदान ते साल प्रबंधात नोंदवायला हवे. भाटियांची कृतिचाचणी १९५५ ची, ११ ते १६ वयाच्या मुलग्यांवर प्रमाणित केलेली. तिच्यावर मुलींचे गुण काढून 'मुलगे व मुली यांच्या बुद्धिमत्तेतील फरक' असा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि ही चूक नमुन्याचे एक पान वाचले तर टळते.

म्हणून प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयात चाचणी संग्रह असावा. मूळ मॅन्युअल, खरेदीची पावती, प्रकाशकाची परवानगी, प्रमाणीकरणाचे साल आणि ती चाचणी वापरलेल्या विद्यापीठातल्या प्रबंधांची यादी, हे सगळे एका नोंदीत. चाचणीचा मजकूर बाहेर फुटता कामा नये, त्यामुळे हे साहित्य तिथेच बसून पाहायचे, घरी न्यायचे नाही. कपाट, कुलूप आणि एक जाणता माणूस, एवढ्यावर हे काम उभे राहते.

शेल्फवरच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. पुस्तकांना विषयवार आकडे देणारे ड्यूई वर्गीकरण असलेल्या ग्रंथालयात विद्यार्थी १५० च्या रॅकपाशी जातो आणि तिथूनच परततो. स्मृती आणि बुद्धी १५३ वर, विकासाचे मानसशास्त्र १५५ वर, इथवर ठीक. पण मनोविकारांची पुस्तके ६१६.८९ वर वैद्यकाच्या दालनात असतात, शैक्षणिक मानसशास्त्र ३७०.१५ वर, सामाजिक मानसशास्त्राचे बरेचसे ३०२ वर, कामगार आणि कर्मचाऱ्यांविषयीचे ६५८.३ वर, संख्याशास्त्र ५१९.५ वर. म्हणजे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला लागणारी पुस्तके १५० सोडून आणखी पाच ठिकाणी विखुरलेली आहेत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने १९७२ पासून भारतातल्या मानसशास्त्रीय संशोधनाचे खंडवार आढावे काढले आहेत. जुन्या भारतीय कामाचा माग काढायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि ते कुठल्या रॅकवर आहेत हे ग्रंथपालाला विचारूनच कळते.

शोध नीट केला की संशोधनाचा आराखडाच बदलतो, हे सर्वांत महत्त्वाचे. '३०० चा नमुना का घेतला?' या प्रश्नाला आपल्याकडे सर्रास उत्तर असते, 'आधीच्या प्रबंधांत तेवढाच होता.' आधीच्या अभ्यासांत फरक किती मोठा आढळला, हे वाचले असेल तर नमुना गणिताने ठरतो. दोन गटांतला फरक मध्यम असेल, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे गुण किती विखुरलेले आहेत याचे माप), तर ०.०५ पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के) आणि ८० टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के) धरून प्रत्येक गटात ६४ जण पुरतात. फरक लहान, ०.२ प्रमाण विचलनाइतकाच असेल, तर प्रत्येक गटात साधारण ३९४ लागतात. पहिल्या परिस्थितीत ३०० मुलांना उगाच वेठीला धरले जाते. दुसरीत एवढी मेहनत करूनही खरा फरक हातून निसटण्याचीच शक्यता जास्त. जी-पॉवर नावाचे मोफत सॉफ्टवेअर हे गणित मिनिटभरात करते, पण त्यात भरायचा आकडा ग्रंथालयातूनच आणावा लागतो.

दुसरी गोष्ट जुन्या निष्कर्षांची. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मुळात त्यांतल्या ९७ टक्क्यांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत तो आकडा ३६ टक्क्यांवर आला. आत्मसंयम वापरल्याने खर्च होतो, या अनेक पाठ्यपुस्तकांत छापलेल्या सिद्धान्ताची २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून परीक्षा घेतली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ज्याने जुने पुस्तक वाचून गृहीतक मांडले, त्याला हे कळायचे कसे? मूळ लेखाखालच्या 'साइटेड बाय'वर, म्हणजे त्या लेखाचा उल्लेख करणाऱ्या लेखांच्या यादीवर, जाऊन, तारखेप्रमाणे लावून, गेल्या पाच वर्षांत त्याबद्दल काय लिहिले गेले ते पाहून. मागे घेतलेल्या लेखांचेही असेच आहे. डच संशोधक डीडरिक स्टापेल यांचे बनावट आकड्यांवरचे ५८ लेख मागे घेतले गेले, पण त्यांचे उल्लेख जुन्या आढाव्यांत तसेच आहेत आणि तिथून ते नव्या प्रबंधांत उतरतात. झोटेरो हे मोफत संदर्भ सॉफ्टवेअर वापरले तर मागे घेतलेल्या लेखावर ते आपोआप लाल सूचना दाखवते. एआयकडून लिहून घेतलेल्या संदर्भयादीत तर अस्तित्वातच नसलेले लेख असतात. त्यासाठी एकच नियम: डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून लेख समोर आला आणि वाचला, तरच तो यादीत.

आराखड्याला जोडायच्या या शोधाच्या नोंदवहीत काय असावे? तारीख, कोणत्या सूचीत शोधले, शब्दांची नेमकी ओळ जशीच्या तशी, कोणती मर्यादा घातली, निकाल किती आले, शीर्षक आणि सारांश वाचून किती ठेवले, पूर्ण लेख वाचून किती उरले, आणि गाळलेल्यांचे कारण. एमएच्या प्रकल्पाला दोन किंवा तीन पाने पुरतात. पीएचडीला शोध दोनदा करावा, सुरुवातीला आणि प्रबंध जमा करण्याआधी तीन महिने, कारण मधल्या काळात नवे काम आलेले असते.

याला पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. नीट शिकवले तर एमएच्या प्रकल्पासाठी पंधरा तास पुरे होतात, आणि चुकीची चाचणी निवडून वाया जाणाऱ्या महिन्यांपुढे ते काहीच नाहीत. दुसरा आक्षेप: ग्रंथपालाला मानसशास्त्र कुठे येते? येण्याची गरजही नाही. प्रश्न विद्यार्थ्याचा, संज्ञा मार्गदर्शकाच्या, आणि त्या कुठे, कशा शोधायच्या हे ग्रंथपालाचे शास्त्र. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा, हा आहे. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: ग्रंथपालांच्या कित्येक जागा रिकाम्या आहेत. साम्य तपासणीचे शिक्के मारण्यातच ज्याचा दिवस जातो, त्याने शोध शिकवायचा कधी? त्या जागा भरण्याची मागणी मानसशास्त्राच्या विभागांनीही करायला हवी. ती एकट्या ग्रंथपालांच्या संघटनेची मागणी राहू नये.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला यूजीसीने संशोधन आणि प्रकाशन नीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. त्यात सूची आणि मापनांसाठी ७ तास आहेत, पण भर स्कोपस, वेब ऑफ सायन्स, इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्स यांची ओळख करून देण्यावर. लेख छापून आल्यावर तो मोजायचा कसा, ते विद्यार्थी शिकतो. लेख लिहिण्याआधी शोधायचे कसे, ते राहून जाते. राज्यातल्या एमएच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट आहेत. त्यांतले एक क्रेडिट, म्हणजे १५ तास, वर्गात न घेता ग्रंथालयाच्या संगणकांपुढे बसून घ्यावे, प्रत्येकाने स्वतःच्या विषयावर नोंदवही भरावी आणि अंतर्गत गुण त्या नोंदवहीवर द्यावेत. यासाठी अभ्यासमंडळाचा एक ठराव पुरतो, नव्या इमारतीची किंवा निधीची गरज नाही. संशोधन सल्लागार समितीपुढे आराखडा येईल तेव्हा सदस्यांनी पहिला प्रश्न नमुन्याचा विचारू नये. नोंदवही मागावी, त्यातली एक ओळ निवडावी आणि तो शोध तिथेच समोरच्या पडद्यावर पुन्हा करून पाहावा.